मूलद्रव्य

३ मार्च

आजपासून मी मुकी. गळ्यातली गाठ काढून तीन दिवस झाले आणि डॉक्टरीणबाईंनी हुकूम सोडला : आठ आठवडे एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही, कारण कुजबुजताना म्हणे स्वरतंतूंना जास्त ताण पडतो. मी चिठ्ठीवर लिहिलं, "आणि समोरचा मूर्खासारखं बोलला तर?" त्या म्हणाल्या, "तर तो नशीबवान समजा."

बत्तीस वर्षं मी बोलत आले. वर्गात, सभेत, संपात, एकदा वीज गेलेल्या सभागृहात माइकशिवाय दीड तास. आयुष्यात दिलेला शब्द मागे घेतला नाही आणि बोललेलाही नाही. आता घरातलं घड्याळ बोलतं आणि मी ऐकते. म्हणून ही वही. कुठेतरी ओकायला हवंच, नाही तर टाक्यांच्या जागी मी फुटेन.

६ मार्च

लेक आली होती. तिने चांगली नोकरी सोडून वर्षापूर्वी स्वतःचं ऑफिस काढलं : व्हिडिओ गेम आपल्या भाषेत आणायचे. मी तेव्हाच म्हटलं होतं की हा काय उद्योग. आता तीच म्हणते, "आई, तू येतेस का मदतीला? भाषा तुझ्याइतकी कुणाला येत नाही. आणि तू बोलू शकत नाहीस, म्हणजे माझी माणसं पळून जाणार नाहीत."

विनोद तिने वडिलांचा उचललाय. मी हो लिहून दिलं.

अट एकच घातली : ऑफिसात मला आई म्हणायचं नाही. सगळे म्हणतात तसं बाई म्हणायचं. ती लगेच कबूल झाली. ती लहानपणापासूनच समजूतदार. माझे दौरे असत तेव्हा शेजारच्या काकूंकडे निमूट राहायची. कधी तक्रार म्हणून नाही.

९ मार्च

ऑफिस म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या. जिन्यात काचा घासण्याचा वास. एका खोलीत लेक, दुसरीत मी आणि एक मनुष्य, तिसरीत एक जुना सोफा आणि भिंतभर पडदा.

माझ्या खोलीतला मनुष्य पडद्यावर अक्षरं बसवतो. चौकटीत मजकूर मावला नाही की कापतो. सगळे त्याला कात्री म्हणतात आणि तो ओ देतो. तिशीचा, सौम्य, इतका सौम्य की चीड येते. सोफ्यावर बसून खेळ तपासायचं काम एका निवृत्त पोस्टमनकाकांकडे आहे. चाळीस वर्षं पत्रं वाटली, आता परग्रहावर धावतात. म्हणाले, "बाई, इथे कुत्रं मागे लागत नाही, हा मोठा फरक."

खेळाचं नाव 'निळा तळ'. तीन भाग जगभर खेळले गेलेत, चौथा येतोय, आणि आपल्या भाषेत पहिल्यांदाच येतोय. गोष्ट अशी : माणसं एका गोठलेल्या ग्रहावर उतरतात. तिथे दऱ्यांच्या तळाशी निळसर उजेडाचे खडे सापडतात. एक खडा जाळला की वर्षभर जहाज चालतं, दहा जाळले की शहर उजळतं. तिथले अवाढव्य प्राणी हे खडे राखत बसतात. त्यांना मारायचं, खडे आणायचे, जाळायचे. तीन भाग हेच. बायका भांडी घासतात त्यात याहून जास्त नाट्य असतं.

खरं संकट वेगळं आहे. खेळ बनवणाऱ्या कंपनीने (इथे सगळे त्यांना 'वरचे' म्हणतात) आपली भाषा फक्त परीक्षेपुरती घेतलीय. एप्रिलच्या सुरुवातीला तीस निवडक खेळाडूंना आपली आवृत्ती द्यायची. त्यांचं मत चांगलं आलं तर आपली भाषा यादीत राहील. नाही तर चौथ्या भागातून गेली, पाचव्यातून गेली, कायमची गेली. आणि लेकीच्या ऑफिसात दुसरं काम नाही.

हे तिने जिन्यात सांगितलं, चप्पल घालता घालता. जणू किरकोळ गोष्ट.

१० मार्च

आधीच्या भाषांतरकाराने त्या निळ्या पदार्थाचं परकं नाव जसंच्या तसं ठेवलं होतं : झायरॉन. हे नाव पोटदुखीच्या औषधाला शोभेल. मी दोन पानी टिपण लिहिलं. आपल्या भाषेत शास्त्राचा शब्द नाही काय? शाळेच्या पुस्तकात आहे : मूलद्रव्य. ज्याच्याहून मूळ काही नाही ते द्रव्य. स्वच्छ, वजनदार, आपला. दुसऱ्याच्या ताटातलं नाव उचलून आपण किती दिवस जेवणार?

लेकीने टिपण वाचलं. "चांगलं आहे," म्हणाली. "फक्त थोडं लांब नाही ना?"

लांब? चार अक्षरं आहेत. मी चार बोटं दाखवली.

पोस्टमनकाका म्हणाले, "शब्द उत्तम आहे, बाई. पण मागे राखणदार लागलेला असताना वाचता यायला हवा."

मी लिहून दिलं : "थांबून वाचा."

"थांबलो की मरतो," ते म्हणाले.

राखणदार हा शब्दही माझाच, त्या प्राण्यांसाठी. मूळ मजकुरात त्यांचं लिंग दिलेलंच नाही. वरच्यांच्या तक्त्यात लिहिलंय : लागू नाही. त्यांच्या भाषेत चालत असेल. आपल्या भाषेत प्राणी नुसता धावत नाही, तो धावला किंवा ती धावली. मी 'तो' केला. रात्रंदिवस पहारा देणारा, अंगावर येणारा, तोच असणार.

१२ मार्च

कात्रीशी जुंपली. म्हणजे मी जुंपले, तो नुसता उभा होता.

म्हणतो, मूलद्रव्य बटणांच्या चौकटीत बसत नाही. चौकटीत नावापुरती जागा सहाची आहे. मी पुन्हा चार बोटं दाखवली. तो म्हणाला, "बाई, यंत्राच्या हिशेबाने नऊ होतात. ऊकार वेगळा मोजतं, पाय मोडला की तो वेगळा, जोडाक्षर फोडून मोजतं." म्हणजे आपली भाषा यांच्या यंत्रात शिरताना दारातच कपडे उतरवून मोजून घेते. मी चिठ्ठीवर लिहिलं की चौकट मोठी करा. तो म्हणाला, चौकट वरच्यांची आहे. मी लिहिलं की अक्षर लहान करा. तो म्हणाला, मग काकांना दिसणार नाही. मी लिहिलं की काकांना चष्मा करा, दुकान खालीच आहे.

तो हसला. मला हसायचं नव्हतं. शेवटी लिहिलं, "पहिली दोन अक्षरं ठेवा, बाकीची गिळा, पण मला छळू नका." खाली सही, तारीख. मास्तरकीची सवय, तारखेशिवाय कागद सुटत नाही.

तो म्हणाला, "नक्की, बाई?" मी दाराकडे बोट दाखवलं.

माझ्या मोठ्या तक्त्यात शब्द अखंड आहे. संवादांत, वर्णनांत सगळीकडे मूलद्रव्य. बटणांवर काय करायचं ते त्याचं तो बघेल. नाचता येईना, अंगण वाकडं.

१९ मार्च

अकराशे ओळी झाल्या. पाठ मोडली. मौनाचा एक फायदा : कुणी 'बाई, पटकन एक सांगा' म्हणून येत नाही.

लेक जेवायच्या सुट्टीतही ओळी तपासते. आज तिच्या डब्याचं झाकण तसंच होतं. मी लिहिलं, "जेव." ती म्हणाली, "हो, बाई," आणि पुढची ओळ उघडली.

२८ मार्च

पोस्टमनकाका हातातलं यंत्र खाली ठेवून आले. म्हणाले, "बाई, बटणावरचा शब्द एकदा बघता का?"

मला माहीत होतं हे होणार. पहिल्या दिवसापासून त्यांना माझा शब्द टोचतोय. मी लिहिलं, "सवय होईल."

"अहो, पण मुलाबाळांची माणसं खेळतात."

"मुलांना हा शब्द शाळेत शिकवतात."

काकांनी नकारार्थी मान हलवली. "ते शाळेत असं शिकवत नाहीत, बाई."

मी वाद मिटवायचं चिन्ह केलं, हात झटकून. सभेत याने भलेभले बसतात. काकाही गेले. 'पडद्यावर येऊन बघा तरी' असं पुटपुटत गेले. मी खेळत नाही. मी वाचते.

२ एप्रिल

तीस जणांना आवृत्ती गेली. लेकीने कात्रीच्या पाठीवर थाप मारली. मला म्हणाली, "आता जरा झोप, बाई." काल चौथ्या भागाचं शेवटचं प्रकरणही वरून आलंय, कुलूपबंद, फक्त तिच्या नावाने. ते परीक्षेनंतर करायचं.

५ एप्रिल

शरम, शरम, शरम.

तिसांपैकी कुणीतरी पडद्याचं चित्र काढून जगापुढे टाकलं. मोठं लाल बटण आणि त्यावर आपल्या भाषेत : मूल जाळा.

वर कोपऱ्यात साठ्याचा आकडा : ४० मुले. आणि खाली सूचना : ३ मुले जाळून तळ उजळा.

लोक हसताहेत. हजारोंनी हसताहेत. कुणी लिहिलं, आमच्या घरी दोन आहेत, नेता का. कुणी लिहिलं, परीक्षेच्या आठवड्यात विचार करता येईल. ज्या भाषेसाठी मी बत्तीस वर्षं घसा फोडला, अक्षरशः फोडला, ती आज चव्हाट्यावर.

मी कात्रीच्या टेबलावर मूठ आपटली. लिहिलं : "कुणी कापलं हे?" त्याने मान खाली घातली. अनेकवचन त्याने 'मूले' केलं होतं, शुद्धलेखन तपासणाऱ्या यंत्राने सुधारून 'मुले' केलं. वा. यंत्राला व्याकरण येतं, माणसाला लाज येत नाही.

६ एप्रिल

आज सगळ्यांसमोर त्याला चिठ्ठी दिली. पानभर. ज्याला भाषेची चाड नाही त्याने भाषेत हात घालू नये, कात्री न्हाव्याच्या हातात शोभते, वगैरे. त्याने उभ्यानेच शेवटपर्यंत वाचली, घडी घातली, खणात ठेवली. माझ्या सगळ्या चिठ्ठ्या तो त्या खणात ठेवतो, एकावर एक.

"बोल काहीतरी," पोस्टमनकाका त्याला म्हणाले.

"बाईंना बोलता येत नाही," तो म्हणाला. एवढंच. कसलं उत्तर हे.

लेकीने मला बाहेर नेलं. म्हणाली, "त्याला आता काही लिहू नकोस. प्लीज." मी लिहिलं, "तू त्याला पाठीशी घालतेस." ती म्हणाली, "हो. कुणाला तरी घालतेय." आणि दार लावून घेतलं.

८ एप्रिल

हसण्यावर निभावलं असतं तर बरं झालं असतं.

वरच्यांचं पत्र आलं. हसलेले नाहीत. त्यांनी विचारलंय : शेवटचं प्रकरण बाहेर कसं गेलं?

आम्हाला काही कळेना. लेकीने कुलूप उघडलं आणि आम्ही दोघींनी ते प्रकरण एका पडद्यावर वाचलं. मी ते इथे लिहिते, ही वही कुणी वाचत नाही.

तो पदार्थ पदार्थ नाहीच. त्या निळ्या खड्यांत जीव आहे. ग्रह गोठलेला आहे म्हणून ते दरीच्या तळाशी शतकानुशतकं झोपतात आणि एक दिवस उठतात. राखणदार पहारेकरी नाहीत. आया आहेत. तीन भाग, तीन वर्षं, जगभरचे खेळाडू ज्याला इंधन समजून जाळत आले ती त्यांची पिल्लं. चौथ्या भागाच्या शेवटी हे उघडतं आणि मग खेळाडूच्या समोर तेच बटण येतं. दाबायचं की नाही.

तीन वर्षं सांभाळलेलं गुपित. आणि आपल्या भाषेतल्या बटणावर ते पहिल्या पडद्यापासून लिहिलेलं : मूल जाळा.

आमच्याकडे प्रकरण आलं एक एप्रिलला. आवृत्ती गेली दोन एप्रिलला. वरच्यांनी बेरीज केली. त्यांना वाटतंय, इथे कुणीतरी वाचलं आणि मुद्दाम फोडलं. सोळा तारखेला पडद्यावर बैठक. मुख्य लेखक स्वतः बसणार. खुलासा पटला नाही तर भाषा बाद, ऑफिसशी संबंध बाद.

लेकीने शेवटचं पान पुन्हा वर सरकवलं. मग म्हणाली, "गोष्ट चांगली आहे, नाही?"

मी मान हलवली. चांगली आहे. भांडी घासण्यातल्या नाट्याबद्दल लिहिलं ते मागे घेते. फक्त तेवढंच.

११ एप्रिल

खुलाशाचा मसुदा करायला बसले. कापाकापी नेमकी कधी झाली ती तारीख हवी होती, म्हणून ही वही मागे चाळली.

बारा मार्च.

तीनदा वाचलं. अक्षर माझंच. पहिली दोन ठेवा, बाकीची गिळा. मूलद्रव्याची पहिली दोन अक्षरं कोणती, हे बत्तीस वर्षं भाषा शिकवणाऱ्या बाईला एका क्षणासाठी दिसलं नाही, कारण ती दाराकडे बोट दाखवण्यात गुंतली होती. आणि काका अठ्ठावीस तारखेला काय सांगत होते तेही आत्ता कळलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी चिठ्ठीवर मारल्या.

तरी म्हणेन, चौकट सहाचीच का? यंत्र नऊ का मोजतं? मूळ दोष तिथे आहे. पण हे वाक्य लिहूनही बरं वाटलं नाही.

१२ एप्रिल

कात्रीला लिहून विचारलं : "ती बारा मार्चची चिठ्ठी आहे?"

त्याने खण उघडला, गठ्ठ्यातून काढून दिली. शोधावी लागली नाही, वरच होती.

"तुम्ही दाखवली का नाही?"

"बाई, तुम्हाला उलट उत्तर देता येत नव्हतं. मग मी एकट्याने बोलणं बरं दिसेना."

मग म्हणाला, "मॅडमना माहीत आहे. पाच तारखेलाच विचारलं त्यांनी. म्हणाल्या, ही चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही."

लेकीला माहीत आहे. सात दिवस. ही चिठ्ठी बारा मार्चची, प्रकरण एक एप्रिलचं. गुपित फोडलं नाही याचा जगातला एकमेव पुरावा हा कागद आहे, आणि तो दाखवायचा नाही म्हणते. मी तिच्या खोलीत जाऊन लिहिलं : "का?"

ती म्हणाली, "मी यंत्राची चूक म्हणून सांगणार आहे. पटेल त्यांना."

"नाही पटलं तर?"

"तर बघू." खिडकीबाहेर बघत म्हणाली. "तुझं नाव आहे, बाई. लोक तुला ओळखतात. आधीच हसताहेत, त्यात तुझं नाव कशाला."

मला तिचा राग आला. ऑफिस चालवायला बसली आणि पुरावा दडपते. ही कसली व्यवहारबुद्धी? असं कुणासाठी स्वतःचं घर जाळायचं असतं का? मी चिठ्ठी परत कात्रीला दिली. पटो न पटो, इथली शिस्त तिची आहे.

१४ एप्रिल

डॉक्टरीणबाईंनी घसा तपासला. टाके उत्तम. दिवसाला पाच मिनिटं बोलायची परवानगी, हळू, कागद वाचल्यासारखं. "पाच म्हणजे पाच," त्या म्हणाल्या. "सहाव्याला पुन्हा गाठ पडली तर माझ्याकडे रडत येऊ नका. रडताही येणार नाही."

घरी येऊन भाषण लिहिलं. चाळीस मिनिटांचं झालं. यंत्र आणि लिपी, मोठ्या भाषा आणि छोट्या चौकटी, हसणाऱ्यांची मानसिकता. उत्तम झालंय. तरुणपणी असं सुचलं नसतं. त्यात एका गोष्टीचा उल्लेख राहिलाय, ती मला माहीत आहे.

खाटेवर बसून पहिला शब्द उच्चारून पाहिला. डबा उघडावा तसा आवाज आला.

१६ एप्रिल

बैठक झाली. जसं झालं तसं लिहिते.

लेकीची खोली. पडद्यावर पाच चेहरे. मधे मुख्य लेखक, पिकलेल्या दाढीचा, खांद्यावर शाल. त्यांची भाषा मला कळते, वाचते मी ती आयुष्यभर, पण बोलताना जीभ जड होते. म्हणून ठरलं होतं, लेकच बोलेल. मी बाजूला बसायचं, शोभेला.

लेकीने सांगितलं : यंत्राने कापलं, यंत्राने सुधारलं, योगायोग. नीट सांगितलं, स्पष्ट. घाम मात्र तिच्या ओठावर दिसत होता. लहानपणी ताप चढताना असाच यायचा, काकू सांगायच्या.

एका चेहऱ्याने विचारलं, योगायोग एक एप्रिल आणि दोन एप्रिलच्या मधेच कसा झाला? याला काही पुरावा?

"नाही," लेक म्हणाली.

माझं चाळीस मिनिटांचं भाषण माझ्या मांडीवर होतं. मी ते खाली ठेवलं आणि उठून पलीकडच्या खोलीत गेले. कात्रीने विचारलं नाही, खण उघडून धरला. परत येऊन चिठ्ठी पडद्यावरच्या कॅमेऱ्यासमोर धरली. आधी उलटी धरली. मग सुलटी.

आणि सहा आठवड्यांनंतर लोकांसमोर माझे पहिले शब्द हे निघाले, खरखरत : "चूक माझी आहे. बारा मार्चला मी हे लिहून दिलं. रागात होते, वाचलं नाही. ज्याने कापलं त्याने मला विचारून कापलं."

लेकीने भाषांतर केलं. तारीख सांगितली, चिठ्ठीतला मजकूर सांगितला, सगळं अचूक. फक्त सुरुवात तिने अशी केली : आमच्याकडून चूक झाली.

बत्तीस वर्षं विद्यार्थ्यांची भाषांतरं तपासली आहेत. मी त्यांच्याच भाषेत, जड जिभेने, म्हणाले, "आमची नाही. माझी. ही मुलगी माझी आहे, म्हणून चुकीचं भाषांतर करतेय."

मुख्य लेखकाने चष्मा काढला. म्हणाला, "तुमच्या भाषेत मूल म्हणजे अपत्य. आणि मूलद्रव्यातलं मूल?"

"मूळ. झाडाचं असतं ते. दोन वेगळे शब्द आहेत, दिसतात सारखे."

त्याने कागदावर काहीतरी लिहून घेतलं. "मला तीन वर्षं लागली," म्हणाला, "या दोन गोष्टी एका जागी आणायला." मग पाच मिनिटं संपली आणि लेकीने माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. माझ्याकडे बघितलं नाही.

१८ एप्रिल

पत्र आलं. भाषा राहील. पण माझा शब्द जाईल : पदार्थाचं नाव सर्व भाषांत झायरॉन, भाषांतर करायचं नाही. आणि शेवटचं प्रकरण पुरं झाल्यावर भाषाप्रमुख, म्हणजे मी, बदलावी.

लेकीने हे मोठ्याने वाचलं, शेवटची ओळसुद्धा, आवाज न बदलता. मी म्हणाले, "योग्य आहे." योग्य नाही. झायरॉन हे अजूनही पोटदुखीचंच औषध आहे, आणि मी हे मरेपर्यंत म्हणेन. पण तिने टेबलाखालून बूट काढून पाय मोकळे केले, महिन्यात पहिल्यांदा, म्हणून तेवढंच म्हणाले.

कात्रीची माफी मागितली. तोंडाने. तो म्हणाला, "चिठ्ठी द्या ना, बाई. गठ्ठ्यात राहील." दिली. तारीख घातली.

२२ एप्रिल

कात्री म्हणाला होता, एक कळ दाबली की सगळीकडे शब्द बदलतो. बदलतो, पण आपली भाषा बदलत नाही. 'ते मूलद्रव्य उचललं' याचं 'ते झायरॉन उचललं' झालं, पण खेळाडू तर 'झायरॉन उचलला' म्हणतात. आणि राखणदार आता 'ती'. धावला नव्हे, धावली. अंगावर आला नव्हे, आली. पण हेही शेवटच्या प्रकरणातच, त्याआधी कळता कामा नये. म्हणून आधीच्या तीन प्रकरणांत मी अशी वाक्यं बांधतेय ज्यांत लिंग दिसणारच नाही. 'राखणदाराची झेप.' 'समोर राखणदार.' अकराशे ओळी, हाताने. आपल्या भाषेत आई लपवणं फार अवघड आहे.

पोस्टमनकाका रोज येऊन विचारतात, "बाई, आज किती आया लपवल्या?"

२५ एप्रिल

माझा शेवटचा दिवस. शेवटच्या प्रकरणाची शेवटची पानं.

शेवटी ती आई खेळाडूसमोर येते. हल्ला करत नाही. त्याच्या हातातल्या खड्याकडे बघते आणि एकच शब्द बोलते. मुख्य लेखकाने तिथे जागा मोकळी सोडलीय. टीप आहे : ती आपल्या पिल्लाला काय म्हणेल तो शब्द प्रत्येक भाषेने स्वतःचा द्यावा.

सकाळभर त्या एका जागेवर बसले. मूल नको, ते बदनाम झालं. बाळ लाडिक वाटलं. पिल्लू जनावराचं. अपत्य हे अर्जावर लिहितात. शेवटी लिहिलं : लेकरू. सभेत हा शब्द मी हजारदा वापरलाय, 'माझ्या लेकरांनो' म्हटलं की शेवटच्या रांगेपर्यंत शांतता पसरायची.

लेक तपासायला बसली. प्रत्येक ओळ तपासल्याशिवाय सोडत नाही ती. त्या शब्दावर थांबली.

"आई," ती म्हणाली, ऑफिसात असूनही. "हा शब्द तू मला कधी म्हणाली नाहीस."

"म्हणाले असेन."

"नाही," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, तारीख सांगावी तसं सांगितलं. मग त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली आणि पुढची ओळ उघडली. पुढच्या ओळीत फक्त वाऱ्याचा आवाज होता, भाषांतराला काहीच नव्हतं. तीच ओळ ती बराच वेळ तपासत बसली.